आतून गळते आहे

डाव्या बाजूच्या पुढच्या चाकामागे, जिथे आसाची जाड नळी संपून एका पोकळ गोलकाचा आकार घेते, त्या गोलकाच्या तळाशी एक काळसर थेंब सदैव लोंबकळत असे. तो पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा, आणि पावसाळा सरून वाहनशाळेच्या फरशीवर ऊन येऊ लागले की त्या थेंबांनी उमटवलेला पंजाएवढा डाग इतका स्पष्ट दिसे, की गाडी रोज कुठे उभी राहते हे कुणाला विचारावे लागत नसे. १९७१ साली मी सुरतेत एका सरकारी खात्याच्या वाहनशाळेत सहायक मिस्त्री म्हणून रुजू झालो, तेव्हा या जीपची गळती बंद करणे हे माझ्या हाती सोपवलेले पहिले स्वतंत्र काम होते, आणि पुढल्या सदतीस वर्षांत असंख्य इंजिने, गिअरपेट्या व स्टिअरिंगची घरे मी खोलली-जोडली तरी ज्या एका कामाने मला खऱ्या अर्थाने कारागीर केले ते हेच, असे आज विचारपूर्वक म्हणतो.

ती जीप सी. जे. ३ बी या जातीची होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी आरंभली आणि पुढे त्या गाड्या येथेच घडू लागल्या, त्यांतली ही उंच बॉनेटाची; तिच्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्यापायी बॉनेटही उचलून घ्यावे लागले. १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचे काम त्या वेळी अखेरच्या टप्प्यात होते, आणि आमच्या खात्याच्या जीपगाड्या सुरतेहून मांडवी, व्यारा, सोनगड करीत उकाईपर्यंत आणि तिकडून डांगाच्या जंगलात आहवा, वघईपर्यंत सारख्या फिरत असत. अंबिका, पूर्णा, खापरी या डांगातल्या नद्यांवर तेव्हा पुलांपेक्षा फरशाच अधिक होत्या, आणि पावसाळ्यात फरशीवरून गुडघाभर पाणी वाहू लागले तरी साहेबांचा दौरा थांबत नसे. मी मूळचा नंदुरबारकडचा, तापी लाईनीच्या गाडीने पोटासाठी सुरतेस आलेला. सुरतेत गुजराती बोलताना पहिली दोन वर्षे जीभ अडखळे, पण डांगात गेलो की माझी अहिराणी थेट चाले, आणि नदीकाठच्या माणसांशी बोलून पाण्याचा अंदाज घेण्यासाठी ड्रायव्हर मला आवर्जून सोबत नेत. त्यामुळे जी गाडी मी वाहनशाळेत खोलत असे तीच पाण्यातून चालताना काय सोसते, हेही मला माझ्या डोळ्यांनी पाहता आले.

गळतीचा विचार करण्याआधी या सांध्याची रचना सांगणे अवश्य आहे, कारण ती समजल्याखेरीज पुढले सारे निरर्थक वाटेल. मागच्या चाकांना केवळ फिरायचे असते. परंतु जिची चारही चाके जोर लावतात अशा गाडीत पुढच्या चाकांना फिरायचेही असते आणि वळायचेही असते, आणि ही दोन कामे एकाच ठिकाणी, एकाच वेळी, पूर्ण भार अंगावर घेऊन करावयाची असतात. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने जो साधा फुलीचा सांधा ओळखला जातो तो तिरकस कोनात फिरू लागला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून एकसारखी गती देणाऱ्या सांध्यांचा शोध युरोप-अमेरिकेतल्या यंत्रज्ञांनी चालवला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा व स्पायसर असे चार प्रकारचे सांधे वापरले गेले. आमच्या वाहनशाळेत बेंडिक्सचा गोळ्यांचा आणि स्पायसरचा फुलीचा असे दोन हाताखालून गेले. सांधा कोणताही असो, त्याला ग्रीसमध्ये बुडवून ठेवावे लागते, आणि त्यासाठी आसाच्या नळीच्या टोकाला एक पोकळ लोखंडी गोलक व त्या गोलकावर डावी-उजवीकडे फिरणारे ओतीव कवच अशी योजना असते; या कवचाला कारागीर नकल म्हणतात. नकल वर आणि खाली एकेका किंगपिनवर तोललेली असते, आणि गोलक व कवच यांच्यामधली फट बुजवण्यासाठी नमद्याचे व रबराचे एक कडे आठ बोल्टांनी आवळलेले असते. हे झाले बाहेरचे सील. पण याशिवाय गोलकाच्या आत, नळीच्या तोंडाशी, फिरत्या आसाला ओठ लावून बसलेले आणखी एक लहानसे सील असते. आसावरच्या दातेरी पेटीतले, म्हणजे डिफरन्शियलमधले, नव्वद नंबरचे पातळ तेल नळीतून वाहत येऊन नकलच्या जाड ग्रीसमध्ये मिसळू नये एवढेच त्याचे काम, आणि ते कुणाच्या दृष्टीस कधी पडत नाही.

मी पहिल्या वेळी तेच केले जे नवखा माणूस करतो. तेल जिथे दिसत होते तिथले सील बदलले. बाहेरचे कडे दोन अर्धवर्तुळांचे असल्यामुळे ते बदलण्यास चाकाचे सारे अवयव उतरवावे लागत नाहीत. आठ बोल्ट सोडावेत, जुने तुकडे काढावेत, नवे बसवावेत, अर्ध्या दिवसात काम हातावेगळे व्हावे. खात्याच्या शिरस्त्यालाही हे सोयीचे होते. किरकोळ दुरुस्तीला वाहनशाळेच्या प्रमुखाची सही पुरे, पण नकल उतरवायची म्हटले की ती मोठी दुरुस्ती ठरे, तिच्यासाठी वेगळी दरखास्त, अंदाजपत्रक, मंजुरी, आणि तोवर गाडी दौऱ्याला नाही म्हणून वरून विचारणा. तेव्हा बाहेरचे सील बदलून मी नोंदवहीत ‘गळती बंद’ असा शेरा मारला व खाली सही केली. दोनतीन आठवडे फरशी कोरडी राहिली. मग पुन्हा थेंब. एका वर्षात तेच कडे मी तीनदा बदलले आणि तीनदा तोच शेरा तशाच सहीनिशी लिहिला. माल हलका येतो, नमदा पूर्वीसारखा राहिला नाही, अशी कारणे मी स्वतःला आणि इतरांना देत गेलो, आणि ती मला खरी वाटत होती हे त्यांतले सर्वांत वाईट.

पुढल्या पावसाळ्यात ती जीप सापुताऱ्याहून वघईकडे घाट उतरत असताना एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि गाडी आपोआप उजवीकडे, दरीच्या अंगाला ओढली गेली. कठड्याच्या दगडाला पुढचा बंपर टेकला आणि ती थांबली. कुणास इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी डावा ड्रम उतरवला तेव्हा कारण समोर होते: नकलमध्ये भरून आलेले तेल स्पिंडलच्या वाटेने हबमध्ये शिरले होते, हबच्या सिलावरून पुढे सरकले होते, आणि ब्रेकच्या पट्ट्या तेलाने माखून आरशासारख्या चकाकत होत्या. डावे चाक ब्रेक धरत नव्हते, उजवे धरत होते. गाडी वळली त्यात नवल ते काय! त्या ड्रायव्हरने मला एक शब्दही ऐकवला नाही. नोंदवही उघडून मी माझ्या तीन सह्या पाहिल्या, आणि त्या दिवसापासून आजतागायत मी कोणत्याही गाडीच्या कागदावर ‘गळती बंद’ हे शब्द लिहिलेले नाहीत; काय खोलले, काय पाहिले, काय बदलले, एवढेच लिहितो.

या प्रसंगानंतर ती गाडी आमच्या उस्तादांकडे गेली. ते रांदेरचे राहणारे, वयाने साठीच्या जवळ आलेले, बोलणे थोडे आणि तेही शुद्ध सुरती गुजरातीत. त्यांनी गाडीखाली सरकून गोलकाच्या तळाचा थेंब तर्जनीवर घेतला, अंगठ्याशी चोळला, नाकाशी नेला, आणि मग तेच बोट माझ्या नाकाशी धरले. ग्रीसला साबणाच्या जवळचा मंद वास असतो; गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, कारण दातेऱ्यांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधकाची द्रव्ये मिसळलेली असतात; आणि ब्रेक ऑइल असेल तर ते बोटावरून पाण्याने सहज धुऊन जाते, पहिली दोन जात नाहीत. त्या बोटाला गंधकाचा वास होता. ‘आ तो डिफरन्शियलनुं तेल छे, दीकरा,’ ते म्हणाले, ‘अंदरथी गळे छे.’ मग त्यांनी डिफरन्शियलचा भरणीचा बूच सोडून मला आत बोट घालायला लावले. बुचाच्या काठापर्यंत तेल असायला हवे होते; माझे बोट पेरापर्यंत वाकवले तरी कोरडे आले. इकडे भांडे रिकामे होत होते आणि तिकडे नकल ओसंडत होती, आणि मी वर्षभर ओसंडण्याच्या तोंडाला बूच मारीत बसलो होतो. गुजराती आणि मराठी या दोन भाषांत ‘गळणे’ हा धातू एकच आहे, हे माझ्या लक्षात पहिल्यांदा आले ते त्या गाडीखाली.

मंजुरी यायला अकरा दिवस लागले आणि मग काम सुरू झाले. गाडी घोड्यांवर घेतली, चाक, ड्रम, हब, ब्रेकची पाटी आणि स्पिंडल क्रमाने उतरवले, सांध्यासकट आस बाहेर ओढला. उस्तादांनी तो दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला, डिझेलने धुतला, आणि आतले सील जिथे टेकते त्या जागेवर नखाची कड आडवी ओढायला सांगितले. डोळ्याला तिथे फक्त एक चकचकीत पट्टा दिसत होता. नख मात्र अडकले. कित्येक वर्षे रबराच्या एका मऊ ओठाने पोलादावर घासून घासून त्यात केसाएवढी चर पाडली होती. मऊ वस्तू कठीण वस्तूला कशी झिजवते याचे मला आश्चर्य वाटले, तेव्हा उस्तादांनी सांगितले की ओठ झिजवत नाही, ओठाखाली अडकलेली धूळ झिजवते. ओठ केवळ तिला धरून ठेवतो. नवे सील जुन्याच जागी बसवले तर त्याचा ओठ त्याच चरीत पडणार आणि तेल खालून वाट काढणार. आज अशा चरीवर चढवायला पोलादाचे पातळ वेष्टन मिळते. तेव्हा ते आमच्या कोठीत नव्हते, आणि खराद करून आस बारीक करणे म्हणजे दुसरे सील शोधत हिंडणे. उस्तादांनी वेगळा उपाय केला: सील त्याच्या घरात अर्धा सूत कमी ठोकले, जेणेकरून ओठ चरीच्या बाजूला, कोऱ्या पोलादावर येईल. सुताचे माप आता नव्या पोरांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्याचा अर्धा, एवढ्या अंतराने सारा फरक पडला.

किंगपिनांकडे त्यांनी याच बारकाईने पाहिले. वरखालचे बेअरिंग सैल झाले की नकल गोलकावर किंचित कलते, आणि मग बाहेरचे कडे एका बाजूला घट्ट दाबले जाते व दुसऱ्या बाजूला उघडे पडते. असे असताना कड्यामागे कडे बदलत राहणे व्यर्थ. किंगपिनांच्या टोप्यांखाली पातळ शिमा असतात. एक काढली की पकड वाढते, एक घातली की सुटते. पकड किती असावी हे हाताच्या अंदाजाने ठरवायचे नसते. बाहेरचे कडे अजून आवळलेले नसताना, नकलच्या हाताला वाण्याच्या दुकानातल्यासारखा स्प्रिंगचा तराजू अडकवून ती ओढायची, आणि काटा कुठे स्थिर राहतो ते पाहायचे. उस्तादांनी एका दुपारी पाच वेळा टोप्या सोडून पुन्हा बसवल्या तेव्हा काटा त्यांच्या मनाजोगता आला. नमद्याचे कडे त्यांनी आदल्या रात्रीच कोमट तेलात भिजत टाकले होते, कारण कोरडा नमदा बसवला तर तो गोलकावरची ओल शोषून घेतो आणि धूळ धरतो, भिजलेला नमदा मात्र गोलकाला पुसत राहतो. गोलकावर, कड्याची फेरी जिथवर जाते तिथे, गंजाचे बारीक खळगे पडले होते. मी शून्य नंबरच्या पोलिश पेपराने दीड दिवस ते घासले आणि जे उरले ते धातूच्या लांबीने भरून पुन्हा घासले, बोटाला काही जाणवेनासे होईपर्यंत.

इतके करून गाडी जोडली, आणि चौथ्या दिवशी थेंब परत आला.

आयुष्यात काही क्षण असे येतात की त्या वेळी कुणी रागावले असते तर बरे झाले असते. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा सारे उतरवायला लावले, आणि तीन दिवसांपूर्वी बसवलेले नवे सील काढून उजेडात धरले. ओठावर एका ठिकाणी सुरीने चिरल्यासारखी बारीक खाच होती. आस परत घालताना मी केला होता तो गुन्हा असा: आसाच्या टोकाला डिफरन्शियलमध्ये शिरणारे दाते असतात, ते दाते सिलाच्या ओठातून पार व्हावे लागतात, आणि मी त्या वजनदार आसाला ओठावर टेकू दिले होते. सील एक फेराही न फिरता मेले होते. तेव्हा उस्तादांनी मला आस घालण्याची रीत शिकवली, आणि ती मी नंतर ज्या-ज्या पोराला काम शिकवले त्याला सर्वांत आधी शिकवत आलो: दात्यांना व ओठाला तेल लावावे, एका माणसाने सांध्याकडचा भार दोन्ही हातांनी उचलून धरावा, दुसऱ्याने नळीच्या तोंडाशी बोटे घालून आसाचे टोक ओठाच्या बरोबर मध्यातून, कुठेही न टेकवता, पुढे सरकवावे, आणि दाते पार गेल्यावरही घाई न करता आस हलकेच फिरवत डिफरन्शियलच्या दात्यांत मिळवावा. हे करायला दोन माणसे लागतात. एकट्याने करता येते असे म्हणणारा मनुष्य मी पाहिला आहे, त्याची कोरडी राहिलेली नकल मात्र पाहिलेली नाही.

दुसऱ्यांदा जोडलेली ती बाजू नऊ वर्षे खोलावी लागली नाही.

या काळात आणखी एक गोष्ट उमगली, जी पुस्तकात एका ओळीत असते पण कुणी वाचत नाही. डिफरन्शियलच्या घरावर श्वास घेण्यासाठी एक लहानसा ब्रीदर असतो. गाडी चालून तेल तापले की आतली हवा फुगते; ब्रीदर मोकळा असेल तर ती त्यातून जाते, चिखलाने बुजलेला असेल तर तिला सिलांच्या ओठांखालून जावे लागते, आणि जाताना ती तेल घेऊन जाते. उलटा प्रकार याहून घातक. डांगाचा चढ चढून आलेला, हाताला चटका बसेल इतका तापलेला आस एकाएकी खापरीच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा क्षणात आकुंचन पावते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढू लागते, आणि चहूकडे पाणीच असल्यामुळे ते पाणीच आत येते. म्हणून आम्ही ड्रायव्हरांना दोन सूचना दिल्या: नदीच्या अलीकडे पाच-दहा मिनिटे गाडी उभी करून आस निवू द्यावा, आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटाखाली उंच बांधावी. पहिली सूचना दौऱ्याच्या घाईत बहुधा पाळली गेली नाही. दुसरी आम्ही स्वतःच सर्व गाड्यांना करून टाकली, आणि खर्चाच्या मानाने इतके फळ देणारे दुसरे काम मी नोकरीत केलेले नाही.

पुढे खात्याने त्या जुन्या जीपगाड्या निर्लेखित करून लिलावात काढल्या, तेव्हा ती पहिली जीप मी घेतली. तिच्यात तोवर डिझेल इंजिन बसलेले होते, रंग तीनदा बदललेला होता, पण पुढचा आस मूळचाच होता, आणि डाव्या गोलकावर मी घासलेल्या लांबीचे ठिपके अजून ओळखू येत होते.

२००६ च्या ऑगस्टात उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी तापीत सोडले गेले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. मी तेव्हा अडाजणला राहत असे. ७ तारखेला पाणी चढू लागले, आम्ही माणसे आणि धान्य वरच्या मजल्यावर नेले, आणि जीप खाली राहिली. तिचे छत तेवढे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर, घरांत, कपाटांत, सर्वत्र तापीचा तो गुळगुळीत, करडा गाळ राहिला, आणि मृत जनावरांचा वास कित्येक दिवस शहरावर होता. ज्यांच्या घरी माणूस गेले त्यांच्या दुःखापुढे गाडीची गोष्ट काढणे मला त्या वेळी शोभले नसते आणि मी ती काढली नाही. महिन्याभराने, शेजाऱ्यांची पंप-मोटारींची कामे आटोपल्यावर, जीपच्या नकल उतरवायला घेतल्या.

उजव्या नकलचा बूच सोडला तेव्हा ग्रीसऐवजी दूध जास्त घातलेल्या चहाच्या रंगाचे पाणी आले, आणि मागोमाग गाळ आला, इतका मऊ की बोटांत धरला तरी कण जाणवेना. हाच तो पदार्थ, जो ओठाखाली बसून पोलादात चर पाडतो. वरचे किंगपिन बेअरिंग शाबूत होते. खालचे, जिथे पाणी साचून राहते, त्याच्या प्रत्येक रुळावर गंजाची एक उभी रेघ ओढलेली होती, जणू कुणी पेन्सिलने पट्टी लावून काढावी. दोन्ही बाजूंची खालची बेअरिंगे, दोन्ही आतली सिले, दोन्ही नमदे बदलले; सांधे डिझेलमध्ये तीनदा धुतले, प्रत्येक वेळी तळाशी गाळ सापडला, चौथ्यांदा सापडला नाही. डिफरन्शियलचे तेल एकदा भरून, गाडी दोन दिवस फिरवून, पुन्हा सगळे काढून नवे भरले. त्या वर्षी शहरातल्या गॅरेजांत पुराच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि प्रत्येक जण इंजिनाकडे धावत होता, जे स्वाभाविक होते. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चारही चाकांना जोर देणाऱ्या किती तरी गाड्या पुढच्या आसाच्या आवाजासाठी माझ्याकडे आल्या, आणि त्यांच्या नकल उघडल्यावर आत तोच ऑगस्टचा गाळ होता. एका गृहस्थांनी तर बाहेरची कडी दोनदा बदलून घेतली होती. त्यांना मी काही बोललो नाही. माझ्या तीन सह्या मला आठवत होत्या.

उस्ताद त्याआधीच गेले होते. ते असते तर गाळ पाहून काय म्हणाले असते, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. बहुधा काहीच नाही, फक्त बोट नाकाशी नेले असते.

आता माझ्याकडे तरुण मुले येतात, जुन्या जीप आणि जिप्सी घेऊन, आणि त्यांची मुख्य तक्रार हीच असते की गोलक ओला दिसतो. त्यांना मी प्रथम सांगतो की गोलक ओला असायलाच हवा. नमदा त्यावर तेलाचा एक पातळ पापुद्रा पसरवत राहतो म्हणून तर तो गंजत नाही. अगदी कोरडा, लालसर पडलेला गोलक दिसला तर समजावे की आत ग्रीस संपले आहे आणि सांधा उपाशी चालतो आहे. बोट फिरवल्यावर बोटाला चमक यावी, पण थेंब पडू नये. थेंब पडत असेल तर बाहेरच्या कड्याला हात लावण्यापूर्वी तो हुंगावा, डिफरन्शियलचा बूच सोडून तेलाची पातळी पाहावी, किंगपिन हलवून पाहावेत. आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी येत्या पावसाळ्याआधी एवढे तरी करावे: डिफरन्शियलवरचा ब्रीदर सोडावा, त्याचा चिखल साफ करावा, त्यातून फुंकर मारून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.